जाताना रेघ सोडून जा

घाबरू नका मित्रांनो, नाव लांबलचक असले तरी मी स्वभावाने साधा आहे. मी एक जुना सॅम्पलिंग ऑसिलोस्कोप आहे, म्हणजे तारेतून जाणारा विजेचा संदेश पडद्यावर रेघ काढून दाखवणारे यंत्र. मला उचलायला दोन माणसे लागतात, आणि तिसरा 'जरा सांभाळून' म्हणत नुसताच बरोबर चालतो. समोर वाटोळा हिरवा पडदा, त्याच्या खाली नि शेजारी पंचवीस-तीस गुंड्या, आणि उजव्या कुशीत एक जाळी. त्या जाळीतून माझा पंखा दिवसभर गरम वारा बाहेर सोडत असतो. या पंख्याकडे लक्ष असू द्या, पुढे तो मोठा घोटाळा करणार आहे. माझ्या चार रबरी पायांपैकी एक कधीच हरवला. तेव्हापासून कोणी गुंडी फिरवली की मी मान डोलावतो आणि लोकांना वाटते, याला सगळे पटते!

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. टेबलाच्या या टोकाला मी रिकामी पेटी होतो. प्रत्येक खुर्चीपाशी कोणीतरी माझ्यात काहीतरी बसवले: कोणी काचेचे दिवे, कोणी रंगीत पट्ट्यांचे चिमुकले भाग, कोणी नुसताच एक स्क्रू. दुसऱ्या टोकाला पोहोचलो तेव्हा मला दिसू लागले होते. इतक्या हातांनी मिळून एक डोळा घडवला, याचे मला आजही नवल वाटते.

आणि डोळा तरी कसला! मित्रांनो, एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे करा. नुसते मनात करा. त्यातल्या एका तुकड्यात प्रकाशसुद्धा तुमच्या दप्तरातल्या फूटपट्टीएवढेच अंतर जातो. जो प्रकाश डोळ्याचे पाते लवायच्या आत समुद्र ओलांडतो, तो या तुकड्यात एका पट्टीवर अडकून पडतो! आणि मी त्या तुकड्याच्याही आत डोकावून पाहू शकतो. हे पहिल्यांदा कळले तेव्हा मीच हबकलो होतो.

बढाई पुरे. मी हे कसे करतो ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. बागेतल्या गोल फिरणाऱ्या चक्रावर तुमचा मित्र बसला आहे असे समजा. चक्र इतके जोरात फिरते आहे की तो नुसता पुसट दिसतो. मग तुम्ही एक युक्ती करता. चक्र सुरुवातीच्या खुणेपाशी आले की कोणीतरी ओरडते, "आला!" पहिल्या फेरीत ती हाक ऐकताच तुम्ही क्षणभर डोळा उघडता आणि मिटता. दुसऱ्या फेरीत हाकेनंतर किंचित उशिरा उघडता. तिसऱ्यात आणखी किंचित उशिरा. दर फेरीला एकच ठिपका दिसतो. एकदा कान, एकदा नाक, एकदा सदऱ्याचे बटण. हजार फेऱ्यांचे हजार ठिपके शेजारी शेजारी मांडले की मित्राचे चित्र तयार. माझ्या पडद्यावरची रेघ अशीच ठिपक्याठिपक्यांनी बनते. त्या हाकेला ट्रिगर म्हणतात. हाक नेमकी ऐकू आली तर चित्र स्वच्छ. कान जरा मंद झाला, कधी हाक लगेच ऐकू आली आणि कधी केसभर उशिरा, तर बिचारा मित्र पडद्यावर थरथरताना दिसणार. मित्र मात्र शांत बसलेला असतो.

मला ज्या कार्यशाळेत नेले तिथे केबली बनत. ढगांमध्ये पाऊस किती दूर आहे हे शोधणाऱ्या यंत्रांना त्या लागत. सगळ्या केबली अगदी सारख्या हव्यात, म्हणजे सगळ्यांतून संदेश एकाच वेळी पोहोचेल. एखादी बोटाच्या पेराएवढी लांब झाली, एखादा सांधा ढिला बसला, की पाऊस भलत्याच गावावर दिसायचा. म्हणून प्रत्येक केबल माझ्यासमोर यायची आणि मी तिची परीक्षा घ्यायचो.

मला सांभाळायला एक तंत्रज्ञ होते. सगळे त्यांना काका म्हणत. माझ्या ट्रिगरच्या गुंडीवर तीन जागा आहेत. त्यांची छापील नावे काकांना आवडली नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावे ठेवली: मोकाट, ताल आणि हाक. मोकाटवर ठेवले की मी कोणाची वाट पाहत नाही. हाक येवो न येवो, पडद्यावर रेघ काढतो. तालावर ठेवले की एकसारख्या लाटेबरोबर स्वतःच ठेका धरतो. टाळ्या वाजवताना कसे होते? एखादी टाळी नीट ऐकू आली नाही तरी तुमचा ठेका चुकत नाही, तसेच. आणि हाकेवर ठेवले की मी गप्प बसतो. हाक येईल तेव्हाच आणि येईल तेवढ्यांदाच पाहतो. केबलींचे खरे काम हाकेवर चाले.

काकांची एक पद्धत होती. काम संपले की ते गुंडी मोकाटवर आणून ठेवत आणि मगच मला बंद करत. दुसऱ्या दिवशी जो कोणी मला चालू करील त्याला पडद्यावर लगेच रेघ दिसावी, काळा पडदा पाहून यंत्र बिघडले असे त्याला वाटू नये, एवढाच हेतू. माझ्या कपाळावर त्यांनी एक कागदी पट्टी चिकटवली होती: 'जाताना रेघ सोडून जा.' अख्खी कार्यशाळा ती पट्टी पाळायची.

त्याच कार्यशाळेत केबल बनवणाऱ्या एक बाई होत्या. त्या नवीन लागल्या तेव्हा पोरसवदा होत्या, पण थोरल्या बहिणीची मुले त्यांच्याकडेच असत आणि डबा द्यायला येत, म्हणून पहिल्या आठवड्यातच त्यांचे नाव 'मावशी' पडले. पहिल्याच वर्षी त्यांनी केलेली एक केबल माझ्यासमोर आली. मित्रांनो, मी कितीतरी केबली पाहिल्या होत्या, पण अशी नाही! माझी रेघ सरळ चालत आली, नेमक्या जागी उभी चढली, आणि पुन्हा सरळ निघून गेली. कुठे उचकी नाही, कुठे खळगा नाही. काकांनी केबल काढून पुन्हा जोडली आणि पुन्हा पाहिली.

मग म्हणाले, "ही बाहेर पाठवायची नाही. ही आपला नमुना."

"का? काही चुकलं का?" मावशींनी विचारले.

"चुकलं असतं तर बरं झालं असतं. आता बाकीच्यांना हिच्या बरोबरीला आणायचं म्हणजे माझ्या डोक्याला ताप."

तेव्हापासून ती नमुना केबल खिळ्यावर टांगलेली असे. रोज सकाळी काका ती मला जोडत, एकदा तालावर पाहत, एकदा हाकेवर पाहत, आणि वहीत दोनच शब्द लिहीत: 'नमुना ठीक.'

वर्षे गेली. कार्यशाळेत चपटे, हलके, रंगीत पडद्यांचे नवे स्कोप आले आणि माणसांचे माझ्यावरून मन उडाले. पाहुणे आले की त्यांना आधी ते दाखवत. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण माझ्याइतकी बारीक वेळ पकडणारा त्या खोलीत दुसरा कोणी नव्हता, म्हणून केबलींची परीक्षा माझ्याकडेच राहिली. पुढे काकाही निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक तरुण इंजिनिअर आले. त्यांना सगळे धाकटे साहेब म्हणत. काकांनी त्यांना आठवडाभर बसून सगळे शिकवले. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. सकाळी नमुना दोनदा पाहायचा, तालावर आणि हाकेवरही, हे काकांच्या हाताला इतके सवयीचे झाले होते की तोंडाला आठवलेच नाही. वहीत तर दोनच शब्द होते. धाकट्या साहेबांनी नमुना तालावर पाहिला, रेघ सुंदर दिसली, आणि लिहिले: 'नमुना ठीक.' रोज तसेच.

आणि त्याच काळात माझा कान म्हातारा होऊ लागला.

माझ्या आत हाक ऐकणारा एक भाग आहे, मोहरीच्या दाण्याहून थोडासाच मोठा. त्याला टनेल डायोड म्हणतात. तो हळूहळू थकत गेला. मोकाटवर मला कानाची गरजच नाही, त्यामुळे रोज सकाळी रेघ झकास. तालावर ठेका मीच धरतो, त्यामुळे नमुनाही झकास. पण हाकेवर नवी केबल लावली की जिथे रेघ उभी चढते तिथे ठिपके इकडेतिकडे सांडायचे. रेघ थरथरायची.

आणि धाकट्या साहेबांना वाटले, केबल थरथरते आहे.

ते वाईट नव्हते, मित्रांनो. फार काटेकोर होते. पहिली केबल परत केली तेव्हा त्यांनी 'सांधा ढिला असेल' एवढेच म्हटले. मावशींनी सांधा पुन्हा केला. पुन्हा थरथर. मग दुसरी केबल, तिसरी. तीन आठवड्यांत तेवीस केबलींना लाल चिठ्ठ्या लागल्या. माझ्यासमोर येणाऱ्या केबली आता एकट्या मावशीच बनवत, त्यामुळे दोष कोणाचा हे विचारायचीही कोणाला गरज वाटली नाही.

शेवटी एका दुपारी साहेब मावशींना माझ्यासमोर घेऊन आले. त्यांना बोलायला जड जात होते. त्यांनी आधी नमुना लावला, तालावर. रेघ दगडासारखी स्थिर. मग कालची केबल लावली, हाकेवर. थरथर.

"मावशी, ही तुमच्या तेव्हाच्या हातची. आणि ही आताच्या हातची. मी काय बोलू? तुम्हीच बघा."

मावशींनी पाहिले. साहेबांनी गुंडी फिरवली आणि मी मान डोलावली. मेल्याहून मेल्यासारखे झाले मला! त्या बाईंच्या तरुण हातांना मी म्हाताऱ्या हातांविरुद्ध साक्षीला उभे केले होते, आणि साक्ष खोटी होती. मला सगळे माहीत होते. पण मला बोलता येत नाही, फक्त ठिपके काढता येतात.

"पॅकिंगला जागा आहे," साहेब खाली बघत म्हणाले. "कामही हलकं आहे. सोमवारपर्यंत ठरवा."

"आता काय ठरवायचं, साहेब? हातच गेले तर माणसानं बसावं घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायच्या आधीच मावशी आल्या. त्यांच्या हातात घडी घातलेला अर्ज होता. नोकरी सोडत असल्याचा. तो त्यांनी माझ्या डोक्यावर, साहेबांना दिसेल असा ठेवला. सवयीने मला चालू केले. मोकाटवर रेघ उमटली. माझ्या उजव्या बाजूला स्टूल ओढून त्या बसल्या. केबलींची टोके ज्या पातळ कागदात गुंडाळून येतात, त्यातला एक कागद त्यांनी उचलला, हात पुढे धरला, बोटे पसरली आणि कागद बोटांवर आडवा ठेवला. हात कापतो का, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

कागद थरथरला.

मावशींनी ओठ घट्ट मिटले. दुसरा हात पुढे केला. त्यावरचाही कागद थरथरला. मित्रांनो, मी तुम्हाला मघाशी काय सांगितले होते? माझ्या उजव्या कुशीतल्या जाळीतून पंख्याचा वारा थेट त्यांच्या हातावर येत होता. म्हणजे आधी माझ्या कानाने घात केला आणि आता पंखाही त्याला सामील झाला! जन्मात एकदा तरी पंखा बंद पडावा अशी मी मनापासून इच्छा केली. तो मेला आणखीच जोमाने फिरला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. पॅकिंगमधली एक बाई दोऱ्याचे रीळ मागत होती. मावशी उठल्या आणि दारापर्यंत गेल्या. कागद तसाच बोटांवर होता, लक्षातच राहिले नव्हते त्यांच्या. रीळ कुठे आहे ते डाव्या हाताने दाखवताना त्यांची नजर उजव्या हातावर गेली. कागद शांत पडला होता. जणू भिंतीवरच्या फळीवर ठेवला आहे.

ती बाई गेली तरी मावशी तिथेच उभ्या राहिल्या. मग हळूहळू माझ्याकडे आल्या. जाळीजवळ येताच कागद हलला. मागे गेल्या, थांबला. पुढे आल्या, हलला. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की माझे सगळे दिवे लटपटले.

"अस्सं होय रे, लबाडा!" त्या म्हणाल्या.

धाकटे साहेब आले तेव्हा मावशी नमुना केबल हातात घेऊनच उभ्या होत्या.

"साहेब, ही लावा."

"मावशी, ही ठीक आहे. रोज बघतो मी."

"रोज तालावर बघता. माझ्या केबली हाकेवर बघता. काका हिला दोन्हीवर बघायचे. मी समोर बसून जन्मभर बघितलंय. आज हाकेवर लावा, एवढंच मागते."

साहेबांनी वही उघडली. 'नमुना ठीक', 'नमुना ठीक', पानामागून पान. दोनदा पाहण्याबद्दल एक अक्षर नव्हते. त्यांनी नमुना जोडला आणि गुंडी हाकेवर नेली.

ती केबल, मावशींच्या तरुण हातांची, खिळ्यावर मानाने टांगलेली, थरथरू लागली.

"घ्या," मावशी म्हणाल्या. "खिळ्यावर बसल्या बसल्या हिचे पण हात कापायला लागले!"

साहेबांचा चेहरा उतरला. पण खरे माणूस कसे असते ते मी तेव्हा पाहिले. सबब सांगण्यात त्यांनी एक क्षण घालवला नाही, सरळ बाह्या वर केल्या. हाक पाठवणारे यंत्र बदलून पाहिले. थरथर तशीच. हाकेची तार बदलली. तशीच. हाक बाहेरून घेण्याऐवजी समोर आलेल्या संदेशातूनच घेऊन पाहिली. तरी तशीच. हाक किती मोठी असली म्हणजे ऐकायची, ती गुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. थरथर कमीजास्त झाली, पण गेली नाही. मोकाटवर रेघ होतीच, तालावर ठीक होतेच.

"म्हणजे डोळा चांगला आहे, हातही चांगला आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "हा बहिरा होतोय."

किती बरोबर बोलले ते! इतके दिवस मनात कोंडलेले कोणीतरी बोलले की जीव कसा हलका होतो, ते तुम्हाला ठाऊक असेल.

त्यांनी काकांना फोन लावला. काकांचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू आला.

"हाकेवर पाहायचं सांगितलं नव्हतं मी? ... अरे देवा. माझीच चूक रे बाबा, तुझी नाही. वरचं झाकण काढ. आतल्या बाजूला एक काडेपेटी चिकटवलेली असेल. बाजारात मिळेनाशी व्हायच्या आत एक घेऊन ठेवली होती मी."

इतकी वर्षे ती माझ्याच डोक्यात होती, आणि मला पत्ता नव्हता! साहेबांनी काडेपेटी उघडली. आत कापूस, कापसात तो इवलासा डायोड, आणि घडी केलेली चिठ्ठी. त्यांनी ती मोठ्याने वाचली: 'एकच आहे. जास्त तापला की मरेल. ज्याचा हात सगळ्यांत स्थिर असेल त्यानेच लावावा.'

वाचून झाल्यावर त्यांनी चिठ्ठीची पुन्हा घडी केली. मग त्यांनी काडेपेटी मावशींसमोर धरली.

मावशी मागे सरकल्या. "मी? काल तर तुम्ही..."

"काल मी चुकलो, मावशी. यंत्राचं ऐकलं आणि तुम्हाला विचारलंही नाही."

मावशींनी आपल्या हातांकडे पाहिले. तेवीस लाल चिठ्ठ्यांनी माणसाच्या मनात जे घुसते ते एका सकाळीत निघत नाही. बिघडले असते तर दुसरा डायोड नव्हता, मी कायमचा बहिरा झालो असतो, आणि त्यांच्या हातांवरचा डागही कायमचा राहिला असता. त्यांनी पदर खोचला, सोल्डरची कांडी तापवली, आणि विचारले, "पंखा बंद आहे ना याचा?"

साहेबांनी भिंतीवरचे बटण बंद केले.

मी बंद असताना मला दिसत नाही, मित्रांनो. पण जाणवते. आधी जुना डायोड सुटला. मग चिमट्याने नव्याचा तारेचा पाय धरलेला जाणवला. चटका आला तो इतका थोडा, की मी 'एक' म्हणून 'दोन' म्हणेपर्यंत संपलासुद्धा. दुसऱ्या पायालाही तसाच. मी शंभर कोटींतला एक तुकडा पाहणारा, वेळेचा मोठा जाणकार म्हणवणारा. पण वितळलेल्या धातूतून नेमक्या क्षणी कांडी उचलायची हे ज्याला कळते, त्या हातापुढे माझी काय मिजास! मला वेळ नुसती मोजता येते. त्यांना ती कळते.

साहेबांनी मला चालू केले. माझे दिवे तापायला वेळ लागतो. मोकाटवर रेघ आली. तालावर आली. मग गुंडी हाकेवर गेली, आणि पडदा काळा झाला.

"काय झालं?" मावशींनी घाबरून विचारले.

"काही नाही. हाकेची वाट बघतोय तो."

त्यांनी हाक सुरू केली. मी ती ऐकली. नेमकी, दर वेळी नेमकी! रेघ सरळ आली, नेमक्या जागी उभी चढली, आणि सरळ निघून गेली. नमुना स्थिर. मग पहिली लाल चिठ्ठीवाली केबल लावली. स्थिर. दुसरी, तिसरी, करत करत तेविसावी. सगळ्या नमुन्यावर तंतोतंत बसल्या. इतक्या वर्षांचे अंतर होते त्या हातांत, आणि माझ्यासारख्याला त्यात फटीएवढा फरक सापडला नाही. मी जे जे पाहिले आहे त्यात याहून मोठे आश्चर्य नाही.

लाल चिठ्ठ्या साहेबांनी स्वतः काढल्या, एकेक करून. कपाळावरच्या काकांच्या पट्टीखाली त्यांनी आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली: 'आल्यावर हाक मारून पाहा.' मग त्यांचे लक्ष झाकण काढताना माझ्या डोक्यावरून टेबलावर घसरलेल्या अर्जाच्या घडीकडे गेले. ते उचलायला गेले, तोच मावशींनी ती काढून घेतली. तिची आणखी एक घडी केली, आणखी एक केली, आणि माझा जो पाय नाही त्या जागी खाली सरकवून दिली.

"आता नाही डुलायचा हा," त्या म्हणाल्या आणि आपल्या टेबलाकडे गेल्या.

मित्रांनो, मी आता खरेच फार म्हातारा झालो आहे. माझ्या डोक्यावर कप ठेवू नका आणि जाळीतली धूळ काढत जा, एवढे माझ्यासाठी मागतो. दुसरे मागणे माझ्यासाठी नाही. कोणाचा हात थरथरताना दिसला, कोणाचे काम बिघडलेले दिसले, तर लाल चिठ्ठी लावण्याआधी माझा पंखा बंद करा आणि पुन्हा पाहा. मला विचारत बसू नका. मी फक्त ठिपके काढतो.

आणि हो, मान डोलावणे मी सोडले आहे. तो अर्ज अजून माझ्या पायाखाली आहे.